टीममधले चौघे गेले. त्यांचं काम कुठे गेलं?

साडेसातची_स्लो | सोमवार, रात्री ११:५२

मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होतो. आज लिहितोय, कारण झोप येत नाहीये आणि बायकोला तीच कथा चौथ्यांदा ऐकवायची हिंमत नाही.

गोरेगाव पूर्वेला एका आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये आहे, चौदा वर्षं झाली. महिन्याभरापूर्वी टीममध्ये नऊ जण होतो, आता पाच आहोत. चौघांना एकाच दिवशी सांगितलं, प्रत्येकाला पंधरा मिनिटांचा कॉल. चौथा माझ्या शेजारी बसायचा. त्याला सव्वाअकराला कॉल आला, पावणेबाराला लॅपटॉप लॉक. डबा उघडायचाच होता. तो तसाच पिशवीत टाकून घेऊन गेला.

यात आता कोणाला काही नवीन वाटत नाही. टीसीएसने २०२५ च्या जुलैमध्ये बारा हजारांच्या वर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं तेव्हा आमच्या कँटीनमध्ये दोन दिवस तोच विषय होता. तिसऱ्या दिवशी क्रिकेट.

मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. प्रॉडक्ट तेच, क्लायंट तोच, रिलीजची तारीख तीच. टेस्ट केस, म्हणजे तपासायची एकेक गोष्ट, एकही कमी झालेली नाही. मग चौघांचं काम गेलं कुठे?

थोडं आमच्याकडे आलं. मी सकाळी नऊला लॉगिन करतो, रात्री साडेआठला उठतो. बाकीच्या चौघांचं तेच. हिशोब करा: नऊ जण आठ तास म्हणजे रोजचे ७२ तास. पाच जण साडेअकरा म्हणजे साडेसत्तावन्न. राहिले साडेचौदा. ते आम्ही सरळ गाळतो. 'हा भाग मागच्या वेळी चालला होता, आताही चालेल' असं म्हणून पुढे जातो. तिथले बग ग्राहकाला सापडतील, आणि तेव्हा विचारतील की तुम्ही काय करत होतात.

पण खरी गंमत टाइमशीटमध्ये आहे. दर शुक्रवारी भरायची असते. रोजच्या चौकटीत नऊपेक्षा मोठा आकडा टाकला की चौकट लाल होते आणि सबमिट होतच नाही, आधी मॅनेजरचं अ‍ॅप्रूव्हल लागतं. पहिल्या आठवड्यात मी खरे साडेअकरा टाकले. लगेच फोन. "आठ भर रे, उगाच वरून प्रश्न येतात." भरले आठ. म्हणजे कागदावर पाच माणसं रोज आठ तासांत नऊ जणांचं काम उरकताहेत. उद्या हा तक्ता ज्याच्या टेबलावर जाईल त्याला काय दिसणार? चौघांना काढलं ते बरोबरच होतं, आणि अजून एखादा जास्तच आहे.

एक बारीकशी गोष्ट. शेजारच्याने लावलेली रोजची साडेनऊची मीटिंग अजून सगळ्यांच्या कॅलेंडरवर वाजते. ज्याने लावली त्यालाच ती काढता येते, आणि त्याचा लॉगिन बंद आहे.

तर प्रश्न असा: कंपनीने विचारलं असतं की कोणालाच काढत नाही, नऊही जणांचे तास आणि पगार कमी करतो, तर तुम्ही हो म्हणाला असतात? मी म्हणालो असतो का, हे मला खरंच सांगता येत नाही. ईएमआय माझाही आहे.

---

मीठभाकर | मंगळवार, सकाळी ७:१०

साडेअकराच? इन्फोसिसचे नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले होते, एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन साहेबांनी ९० वर नेले. तुमचे आठवड्याचे जेमतेम साडेसत्तावन्न होताहेत. देश कसा पुढे जाणार अशाने?

(चर्चगेटला जाणाऱ्या फास्टमध्ये दारात लटकून टंकतोय, शुद्धलेखन माफ.)

---

गिरणगावचा_नातू | मंगळवार, दुपारी १:२५

धागा आवडला. मीठभाकर, तुमच्या त्या नव्वदवाल्यांना रविवारही हवा होता. तो रविवार आपल्याला याच शहरात मिळाला, तोही आयता नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी मालकांकडे आठवड्याच्या सुट्टीसाठी पाठपुरावा केला आणि १० जून १८९० ला मालकांनी ती मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, हेही एक कारण त्यांनी पुढे केलं होतं असं सांगतात.

आता मूळ प्रश्नाकडे. 'चौघांचं काम कुठे गेलं' हा प्रश्न आमच्या गिरणगावात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी विचारून झालाय. १९२८ चा संप ऐकलाय का कोणी? १९८२ चा सगळ्यांना माहीत असतो, हा नसतो. एप्रिलमध्ये सुरू झाला, ऑक्टोबरपर्यंत चालला, मुंबईच्या जवळजवळ सगळ्या गिरण्या सहा महिने बंद. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर ही कामगार पुढाऱ्यांची नावं त्यातूनच वर आली. आणि भांडण कशाचं होतं? साळखात्यात, म्हणजे विणाईत, एक माणूस दोन साचे (माग) चालवायचा, काही मालकांनी त्याला तीन द्यायचं ठरवलं. कताईत यंत्राच्या एका बाजूच्या जागी दोन बाजू. याला शब्दही छान काढला होता, रॅशनलायझेशन. तिसरा साचा मिळालेल्याला चार पैसे जास्त मिळत होते, नाही असं नाही. पण तीन माणसांतला एक घरी जाणार हे सगळ्यांना कळत होतं, कारण तो तिसरा साचा कालपर्यंत कोण चालवत होतं ते समोर दिसत होतं.

तुमच्याकडे साचा दिसत नाही, एवढाच फरक.

माझे आजोबा पन्नासच्या दशकात मुंबईला आले तेव्हा सात वर्षं 'बदली' होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बदली म्हणजे रोज पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी खाडा केला असेल तर तुम्हाला आत घेणार, नाहीतर परत चाळीत. आजी सांगायची, आजोबा लवकर परत आले की त्यांच्या चपलांचा आवाजच वेगळा यायचा. काम तेच, साचा तोच, फक्त माणूस कायम नाही. १९८२ च्या मागण्यांमध्ये पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा हीसुद्धा मागणी होती, हे लोक विसरतात.

---

छोटा_कारखानदार | मंगळवार, दुपारी ३:४०

दुसरी बाजू मांडतो, दगड मारू नका.

वसईला माझा प्लॅस्टिक मोल्डिंगचा गाळा आहे. चार मशीन, चोवीस तास चालवावी लागतात, कारण मोल्ड थंड झाला की परत गरम करण्यात तास जातो आणि माल फुकट जातो. आता चोवीस तास दोन प्रकारे भरता येतात: आठाच्या तीन पाळ्या किंवा बाराच्या दोन. तीन पाळ्या म्हणजे माणसं दीडपट. माझ्याकडे बाराच्या दोन आहेत.

आता तुम्ही म्हणाल, बघा, हाच तो. पण दोन वर्षांपूर्वी मी तीन पाळ्या करून बघितल्या. पंधरा दिवसांत चार पोरं सोडून गेली, समोरच्या गाळ्यात. का? तिथे बारा तास होते म्हणून! आठ तासांच्या पगारात खोलीचं भाडं आणि गावाला पैसे, दोन्ही बसत नाही. ओव्हरटाइम हाच त्यांचा पगार आहे. मला येऊन म्हणतात, शेठ, आठ तास काम करून उरलेला वेळ कुठे घालवू, खोलीत दहा जण झोपतो.

राज्य सरकारने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कारखान्यांत रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली, त्यावर इथे बरीच ओरड झाली होती. आठवड्याचे ४८ तेच आहेत, वरच्या तासांना दुप्पट दर, आणि कामगाराची लेखी संमती. कागदावर वाईट काय आहे?

---

मीठभाकर | मंगळवार, दुपारी ३:५८

लेखी संमती! सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनकडून घेतात तशी का?

---

अंकगणित | मंगळवार, रात्री ९:१५

सगळे भावनेच्या भरात एक जुनी चूक करताय. अर्थशास्त्रात ही चूक एकोणिसाव्या शतकापासून ओळखीची आहे: जगात काम म्हणून एक ठरावीक गोळा आहे, तो कमी जणांनी जास्त खाल्ला की बाकीचे उपाशी. काम म्हणजे भाकरी नव्हे, एकाने अर्धी कमी खाल्ली की दुसऱ्याला मिळाली. मालाची किंमत उतरली की मागणी वाढते, नवं काम तयार होतं. १९२८ मध्ये लोक साचे मोजत होते. आज त्याच लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागेवर उभ्या टॉवरमध्ये किती लोक कामाला जातात ते सकाळी प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर उभं राहून मोजा.

फ्रान्सने हा प्रयोग देशपातळीवर केला. ३५ तासांचा आठवडा, २००० पासून मोठ्या कंपन्यांना लागू. हेतू हाच की काम वाटलं जाईल आणि बेकारी हटेल. त्याने नोकऱ्या किती वाढल्या यावर तिथले अर्थशास्त्रज्ञ अजून भांडताहेत. बेकारी काही हटली नाही.

अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९३० मध्ये लिहिलं होतं की शंभर वर्षांत माणूस आठवड्याला १५ तास काम करेल. मुदत संपत आली आहे.

---

गिरणगावचा_नातू | मंगळवार, रात्री ९:४०

अंकगणित, पुलावर उभा राहतो हो, लहानपणापासून तिथेच आहे. त्या टॉवरमध्ये जाणाऱ्यांत साळखात्यातला एकही नव्हता. आजोबा ८२ नंतर कोपऱ्यावर भाजी विकत होते. मागणी वाढून नवं काम तयार झालं खरं, ते त्यांच्या नातवाला मिळालं. मधली वीस वर्षं कोणाच्या खात्यात टाकायची?

---

अंकगणित | मंगळवार, रात्री ९:५५

तो मुद्दा मान्य. 'दीर्घकाळात' हा शब्द मी वापरलाच नव्हता, पण अध्याहृत होता. दीर्घकाळात आपण सगळेच मेलेले असू, हे केन्सचंच वाक्य सगळ्यांना पाठ आहे.

---

केतकीचं_बन | बुधवार, पहाटे २:३०

इथे अजून मंगळवारची रात्र आहे, आत्ता वाचलं. मूळची विलेपार्ल्याची, अकरा वर्षं जर्मनीत, ब्राउनश्वाइगला. शेजारचं गाव वोल्फ्सबुर्ग, म्हणजे फोक्सवॅगन. त्यामुळे धागाकर्त्याच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला ऐकीव नाही, तिथेच काम केलेल्या शेजारच्या आजोबांकडून मिळालंय.

१९९३ च्या शेवटी फोक्सवॅगनकडे ३०,००० माणसं जास्त होती. काढण्याऐवजी युनियनबरोबर करार झाला: आठवडा ३६ तासांचा होता तो २८.८ चा, चार दिवस काम. त्यांनी एक हुशारी केली. पगाराची महिन्याची रक्कम घटू दिली नाही, वर्षाकाठचे बोनस वगैरे बारा महिन्यांत वाटून टाकले. वर्षाची कमाई कमी झाली, पण महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडणारा आकडा तोच. आजोबा म्हणतात, घराचा हप्ता महिन्याला जातो ना, वर्षाला नाही. साडेसातची_स्लो, तुमच्या ईएमआयवरून आठवलं.

गोष्ट इथेच संपवली तर खोटं होईल. २००६ मध्ये तास परत वाढवले. आणि डिसेंबर २०२४ च्या करारात त्याच कंपनीने २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० हून जास्त जागा कमी करायचं ठरवलंय, सक्तीने कोणाला न काढता, म्हणजे निवृत्त होणाऱ्यांच्या जागा न भरता आणि पैसे देऊन. तेव्हा तास वाटल्याने नोकरी अमर होत नाही. तीस वर्षं मात्र मिळाली. त्यात आजोबांच्या दोन मुलींची शिक्षणं झाली.

दुसरं म्हणजे 'कुर्त्सआरबाइट', शब्दशः थोडकं काम. मंदीत कंपनीने तास कमी केले तर बुडालेल्या पगारातला साठ टक्के भाग, मूल असेल तर सदुसष्ट, बेकारी विम्याच्या निधीतून मिळतो. माझा नवरा २०२० मध्ये चार महिने त्यावर होता. अर्धा दिवस काम आणि उरलेला वेळ पुरणपोळी शिकणं. पोळी अजून फाटते, नोकरी शाबूत आहे.

पण यासाठी आधी वर्षानुवर्षं प्रत्येकाच्या पगारातून त्या निधीत पैसे जात असतात. दर महिन्याला पगारपत्रक बघून मी नाक मुरडते, हेही सांगते.

---

निवांत_निवृत्त | बुधवार, सकाळी १०:०५

फोर्टमध्ये एका सरकारी बँकेत ३३ वर्षं काढली. आम्हाला काँप्युटर आला तेव्हा मोर्चे काढलेले आठवतात. १९८३ मध्ये युनियन आणि बँकांचा करार झाला, मशीन किती आणि कुठे यावर मर्यादा घालून. आज लोक त्याला हसतात. पण त्या कराराने आम्हाला दहा-पंधरा वर्षं मिळाली, शिकायला. माझ्यासारखा लेजरवाला पुढे संगणकावर बसला तो त्यामुळेच.

मग २०००-०१ ला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, आली. देशभरच्या सरकारी बँकांतून लाखाच्या घरात लोक बाहेर पडले. आमच्या शाखेत २६ चे १७ झालो. गिऱ्हाईक तेवढंच. तेव्हा रात्री आठला शटर अर्धं ओढून आत कॅश टॅली करायचो. ओव्हरटाइम मागितला तर उत्तर यायचं, अहो तुम्ही आता ऑफिसर ग्रेड, ऑफिसरला ओव्हरटाइम कसला! बढतीचे पेढे वाटले होते मी. ते पेढे महागात पडले.

---

कामाठीपुऱ्याची_मैना | बुधवार, दुपारी १२:१२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

नाव_नको | बुधवार, रात्री १०:४८

नवीन आयडी काढून लिहितेय, कारण उघड आहे. मी एचआरमध्ये आहे. हा धागा वाचून दोन दिवस गप्प होते.

धागाकर्ते विचारताहेत तास का नाही वाटले. आतली गोष्ट सांगते, त्यात कोणी राक्षस नसतो, एक्सेल असते. माणसाचा खर्च दोन प्रकारचा. एक तासाबरोबर वाढणारा, दुसरा माणसाबरोबर येणारा: विमा, लॅपटॉप, खुर्ची, लायसन्स, बस. नऊ जणांना पाच-पाच तास ठेवलं तर हा दुसरा खर्च नऊपट राहतो. पाच जणांना ठेवलं तर पाचपट. आणि जे पगारी लोक आहेत, ज्यांना ओव्हरटाइम मिळत नाही, त्यांचा नववा तास कंपनीला फुकट असतो. दहावाही फुकट. फुकट असलेली वस्तू कोण जपून वापरतं? पाण्याचं मीटर नसलेल्या इमारतीत नळ कसे वाहतात, तसं.

वसईवाल्या दादांकडे निदान दुप्पट दर द्यावा लागतो, म्हणजे मीटर आहे (ते देत असतील असं धरते). आमच्याकडे नाही. म्हणून निवांत_निवृत्त काकांना ऑफिसर केलं, आणि म्हणूनच आमच्याकडे तीन वर्षांच्या अनुभवाचा पोरगाही 'असोसिएट मॅनेजर' असतो. त्याच्या हाताखाली कोणी नसतं. हुद्दा मोठा, की तो कामगार या व्याख्येत बसत नाही असं म्हणायला आम्ही मोकळे.

आणि हो, टाइमशीटची चौकट लाल का होते ते मला माहीत आहे. माझ्या आधीच्या कंपनीत ती मर्यादा घालायच्या मीटिंगला मी होते. कारण 'कर्मचाऱ्यांचं आरोग्य' असं लिहिलं होतं. मिनिट्स मीच लिहिले.

---

कलमबहाद्दर | गुरुवार, सकाळी ८:२०

नाव_नको ताई, प्रामाणिक लिहिलंत. त्याला कायद्याची जोड देतो, कारण हे खूप जणांना माहीत नसतं.

हुद्द्याने काही ठरत नाही, काम काय करता त्यावर ठरतं. तांत्रिक, कारकुनी काम करणारा माणूस मॅनेजर नावाचा असला तरी कामगार ठरू शकतो, पगार कितीही असो. सुपरवायझरला पगाराची मर्यादा आहे (आता १८,०००). आणि कामगार असाल तर कपातीला एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, हे द्यावंच लागतं. शेवटी आला तो आधी जाणार हा सर्वसाधारण नियम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, त्यातही हे आहे. बदल झाला तो वेगळीकडे: पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागायची, आता ३०० पासून.

पण हे सगळं 'काढून टाकलं' तर. त्या पंधरा मिनिटांच्या कॉलवर काय सांगतात? 'राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र नीट देऊ.' राजीनामा दिला की कपात झालीच नाही, तुम्ही स्वखुशीने गेलात. तेव्हा पहिला सल्ला: त्या कॉलवर कशावरही सही करू नका, क्लिकही करू नका. 'मेलवर पाठवा, वाचून कळवतो' एवढंच म्हणा.

छोटा_कारखानदार, जुना हिशोब तुमच्यासाठी. १९११ च्या कायद्यात गिरणीतल्या पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला होता, तेव्हा ती कपात होती! १९१९ ला वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत जगाला ४८ तासांचा आठवडा ठरला, आपल्याला वेगळं कलम करून ६०. मग १९२२ ला ११ तास, १९३४ ला १० तास आणि आठवडा ५४ चा, आणि १९४६ ला ९ तास आणि आठवडा ४८ चा, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. बारावरून नऊवर यायला ३५ वर्षं लागली. परत जायला एक कॅबिनेट बैठक.

---

छोटा_कारखानदार | गुरुवार, सकाळी ९:०२

नाव_नको ताई, टोमणा पोचला. दुप्पट देत नाही, दीडपट देतो. बाकीचे सिंगल देतात, म्हणून मी चांगला शेठ. लिहिलं खरं.

---

समईची_वात | गुरुवार, दुपारी २:३०

तुमच्या चर्चेत एक व्यक्ती राहिली. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांत गेल्या तीन महिन्यांत नोकऱ्या गेल्या. दोन्हीकडे पहिली काटछाट काय, तर पोळ्यांच्या मावशी. त्या माझ्याकडेही येतात. आता उरलेल्या घरांत त्या जास्तीचं काम मागतात, 'ताई, भांडीपण द्या, खिडक्या पुसते.' चार घरांचं आता दोन घरांत. पैसे थोडे वाढले, पण आधीएवढे नाहीत. त्यांना टाइमशीट नाही, सेव्हरन्स नाही, नोटीस म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्यापासून नको'.

---

मीठभाकर | गुरुवार, रात्री ११:१५

आता थट्टा बाजूला. केलॉग्ज, ते कॉर्नफ्लेक्सवाले. १९३० च्या महामंदीत त्यांनी अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या कारखान्यात आठाच्या तीन पाळ्या मोडून सहाच्या चार केल्या. म्हणजे वसईकरांच्या बरोब्बर उलट, एक अख्खी पाळी नव्याने कामाला. तासाचा दर वाढवला, त्यामुळे दिवसाची मजुरी घटली पण तासांइतकी नाही. काही खात्यांत ती सहा तासांची पाळी १९८५ पर्यंत टिकली. टिकवून ठेवणाऱ्यांत बायका जास्त होत्या. पुरुषांनी मात्र बऱ्याच आधी आठ तास मागून घेतले, जास्त पैसे हवेत म्हणून.

म्हणजे खोलीत दहा जण झोपतात म्हणून बारा तास मागणारी वसईची पोरं आणि ते मिशिगनवाले, दोघांचं एकच. दर वाढला नाही तर कमी तास कोणालाच नको असतात. धागाकर्ते, तुम्ही हो म्हणाला असतात का याचं उत्तर तुमच्या तासाच्या दरात आहे, मनाच्या मोठेपणात नाही.

---

साडेसातची_स्लो | शनिवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. आठवडाभर वाचत होतो, लिहायला आज सवड मिळाली. (शनिवार. हो, आजही लॉगिन होतो.)

नाव_नको यांचं मीटरचं उदाहरण डोक्यातून जाईना. काल शुक्रवारी टाइमशीट भरताना आम्ही पाचही जणांनी खरे तास टाकले. क्रांती वगैरे नाही. एकट्याने टाकले की फोन येतो, पाचांना फोन करायला वेळ लागेल, एवढाच विचार. पंचवीस चौकटी लाल. रिमार्कमध्ये फक्त टेस्ट केसचे नंबर लिहिले, आणि न केलेल्या केसची यादी जोडली.

फोन आलाच. या वेळी मी म्हटलं, आठ भरायला सांगताय ते मेलवर पाठवा. मेल आला नाही. अजून तरी.

काही झालं तर कळवतो.

---

कलमबहाद्दर | शनिवार, रात्री १०:४१

यादीची प्रत स्वतःकडे हाताने लिहून ठेवा. कंपनीची फाइल घरच्या मेलवर पाठवू नका, नाहीतर तेच कारण होईल.

---

साडेसातची_स्लो | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ९:०५

धागा वर काढतोय. कळवतो म्हणालो होतो.

ती न केलेल्या केसची यादी कशी कोण जाणे क्लायंटपर्यंत गेली. त्यांच्याकडून विचारणा झाली. मग दोन मीटिंगा, एक 'लेसन्स लर्न्ड'चा डेक, आणि काल टीममध्ये एक माणूस वाढला. आमच्या पेरोलवर नाही, एका व्हेंडरमार्फत, तीन महिन्यांच्या काँट्रॅक्टवर. ज्याला पुढे वाढवतीलही.

माझ्या शेजारचाच. तोच डबा घेऊन आला. महिन्याला पूर्वीपेक्षा बराच कमी मिळतो, विमा नाही, आणि रजा घेतली तर त्या दिवसाचा पैसा नाही. त्याचे तास मात्र मोजले जातात, कारण व्हेंडर क्लायंटला तासावर बिल लावतो. आठ झाले की तो उठतो. आम्ही बसलेले असतो.

---

गिरणगावचा_नातू | मंगळवार, रात्री ९:२०

बदली.

---

साडेसातची_स्लो | मंगळवार, रात्री ९:३२

हो, तेच आठवलं मला पण. त्याला सांगितलं तर हसला, म्हणाला गेटवर उभं राहावं लागत नाही एवढं बरं, लिंक येते.

आणि ती साडेनऊची मीटिंग. वाटलं आता हा आलाय तर काढून टाकेल. पण त्याला नवीन लॉगिन मिळालाय, व्हेंडरचा. जुन्या नावाने लावलेली मीटिंग त्यालाही काढता येत नाही. रोज साडेनऊला त्याच्याही स्क्रीनवर त्याच्याच नावाची वाजते, आम्ही दोघे आपापली बंद करतो.